आम्ही, आपण, त्या

इस्पितळाच्या धुलाईखात्यात कुणालाच स्वतःच्या नावाने हाक मारत नसत. जिला एकदा चादरींच्या बोचक्यात एका म्हाताऱ्या पेशंटची कवळी सापडली, ती कायमची ‘कवळी’ झाली. वयाने सगळ्यांत मोठी ती ‘आक्का’. तिला दुसरं काही नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही. आणि ही ‘वकील’. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण हातात येईल तो छापील कागद वाचायची सवय, मग ती औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रिका का असेना. एकदा कॅन्टीनवाल्याने चहात पाणी वाढवलं, तर हिने त्याला इतक्या गोड शब्दांत इतकं काही ऐकवलं की त्याने नवा चहा टाकला आणि वर स्वतःच माफी मागितली. त्या दिवसापासून ती वकील.

म्हणून धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं घाटतंय अशी बातमी आली, तेव्हा कुणी बोलायचं हा प्रश्नच पडला नाही. समितीने कळवलं होतं की निर्णय घेण्याआधी खात्याचं म्हणणं ऐकून घेऊ. एकीने येऊन दहा मिनिटांत मांडावं, बाकीच्यांनी हवं तर मागे बसावं.

“दहा मिनिटं,” कवळी म्हणाली. “एवढ्यात तर वकिलाचं खाकरून होत नाही.”

“तूच जा मग.”

“मी गेले तर पहिल्या मिनिटाला दात दाखवीन आणि दुसऱ्या मिनिटाला आपण सगळ्या घरी.”

सगळ्या हसल्या, पण हसण्यात दम नव्हता. खातं गेलं तर जायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येकीच्या घरी जेवणाच्या ताटाशी येऊन बसलेला होता. कवळीच्या नवऱ्याचा धंदा बसला होता. आक्काला तर या वयात नव्या ठिकाणी दारातही उभं केलं नसतं.

घडी घालायच्या लांब टेबलाभोवती उभं राहून प्रत्येकीने वकिलाला आपापला मुद्दा दिला. आक्का सहसा कामाच्या वेळी बोलत नसे, पण त्या दिवशी हातातली उशीची खोळ बाजूला ठेवून म्हणाली, “सांग त्यांना. ऑपरेशनची हिरवी चादर आम्ही दिव्यावर धरून बघितल्याशिवाय सोडत नाही. सुईएवढं भोक असलं तरी बाजूला काढतो. इतक्या वर्षांत एक चादर परत आलेली नाही. हे नीट सांग.”

“आणि माझी कवळी सांग,” कवळी म्हणाली. “बाहेरच्या कंपनीत गेली असती तर म्हातारा बिनदाताचाच घरी गेला असता. इथे तासाभरात त्याच्या तोंडात परत.”

“धुऊन दिलीस ना पण?”

“उकळून. ह्या बाईला काय वाटतं माझ्याबद्दल.”

कुणी म्हणालं, डागांबद्दल सांग. कुठला डाग गार पाण्याने जातो आणि कुठला गरम पाण्याने कायमचा बसतो ते. कुणी म्हणालं, बॉयलर बंद पडला होता त्या दिवशी आपण हाताने धुतलं ते सांग. वकिलाने सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला.

तिची सून एका कंपनीत होती आणि तिथे तिला सारखं भिंतीवर चित्रं पाडून लोकांना काहीतरी पटवून द्यावं लागे. काय पटवते ते सासूला कधी नीट कळलं नाही, पण लोकांना पटतं एवढं कळलं होतं. सुट्टीच्या सकाळी भाजी निवडून झाल्यावर तिने सुनेसमोर तो कागद ठेवला.

सुनेने दोन्ही बाजू वाचल्या. “अहो आई, हे भाषण नाही, हे बोचकं आहे.”

“मग?”

“मग काय, सोडायचं आणि वेगवेगळं करायचं. तुम्ही खात्यात करता तसंच.”

हे सासूला आवडलं. सुनेने जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक मुद्दा लिहायला लावला आणि सगळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या.

“आता पहिला प्रश्न. ऐकणारं कोण आहे?”

“समिती.”

“समिती म्हणजे कोण? माणसं सांगा.”

“प्रशासक बाई. मेट्रन. आणि हिशेब बघणारे एक गृहस्थ आहेत, ते कायम घड्याळाकडे बघतात.”

“त्यांना काय हवंय?”

आपल्याला काय हवंय याचाच विचार करून सासू आली होती. समोरच्यालाही काही हवं असतं हे तिला भाजीवाल्याच्या बाबतीत ठाऊक होतं, समितीच्या बाबतीत सुचलं नव्हतं. “कामाचा खोळंबा नको असेल,” ती म्हणाली. “आणि लोकांनी नावं ठेवायला नकोत.”

“बास. तिथून सुरुवात. आणि तीनच मुद्दे. ऐकणाऱ्याच्या लक्षात तिनापेक्षा जास्त राहत नाहीत.”

मग निवड सुरू झाली. सुनेचा हात भराभर चालत होता. डागांची चिठ्ठी गेली. बॉयलरची चिठ्ठी गेली. कवळीच्या चिठ्ठीवर ती हसली आणि म्हणाली, “मजेशीर आहे, पण वेळ खाईल.” आक्काची हिरवी चादर तिने जरा वेळ हातात धरली.

“हे राहू दे की गं,” सासू म्हणाली.

“आई, हे त्यांना माहीतच असणार. आणि आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं वाटतं. ऐकणारा लगेच सावध होतो.”

तीही गेली. राहिलं ते असं: इस्पितळाचं काम एक दिवसही अडता कामा नये; बाहेरची कंपनी चादर वेळेवर देईलच याची खात्री नाही; आणि या बायकांचं पुढे काय. तीन चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्यावर टेबल कसं मोकळं दिसायला लागलं.

“आता म्हणून दाखवा.”

सासूने म्हणून दाखवलं. सुनेने तिला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. “तुम्ही सारखं ‘आम्ही, आम्ही’ म्हणताय. आम्ही धुतो, आम्ही देतो, आमचं खातं. म्हणजे तुम्ही या बाजूला, ते त्या बाजूला, मध्ये टेबल. भांडणच झालं ते. ‘आपण’ म्हणा. त्यांना आपल्यात घ्या.”

हा शोधच होता. सासू एकेक वाक्य घेऊन ‘आम्ही’ काढून ‘आपण’ बसवू लागली. ‘आपण रुग्णाला स्वच्छ चादर देतो’ झकास बसलं. ‘आपलं खातं, आपलं इस्पितळ’ त्याहून झकास. मग आलं, ‘आपण पहाटे येऊन बॉयलर पेटवतो.’ प्रशासक बाई साडीचा पदर खोचून बॉयलर पेटवताहेत असं चित्र दोघींच्याही डोळ्यांसमोर आलं आणि दोघी हसत सुटल्या.

“तिथे ‘त्या’ करा,” डोळे पुसत सून म्हणाली. “निर्णय घेणारे आपण, काम करणाऱ्या त्या. त्या पहाटे येतात. त्या बॉयलर पेटवतात.”

व्याकरण चोख बसलं. कुठेही खडखडलं नाही.

“आता शेवट. शेवट असा हवा की तुम्ही दार लावून गेलात तरी खोलीत घुमत राहिला पाहिजे.”

शेवट सासूला कप विसळताना सुचला. ती तशीच ओल्या हातांनी वळली आणि म्हणाली, “या बायकांना दुसरं काही येत नाही. आपण त्यांना सांभाळलं नाही, तर कोण सांभाळणार?”

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, हे कुठून आणलंत?”

सासूला काय आनंद झाला म्हणता. नवरा संसारात एकदाही तिच्या बोलण्याने गहिवरला नव्हता. पुढचे चार-पाच दिवस तिने फ्रिजसमोर उभं राहून सराव केला, तेव्हाही नवरा पेपरमधून मान न काढता एवढंच म्हणाला, “फ्रिज पाघळला बरं का. आता समितीचं बघ.”

समितीही पाघळली. खोली वरच्या मजल्यावर होती, गालिचा अंथरलेली, आणि तिथे चालताना पावलांचा आवाज येत नव्हता. मागच्या खुर्च्यांवर आक्का, कवळी आणि आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या, केस नीट विंचरून, हात मांडीवर ठेवून. वकील उभी राहिली. पहिलं वाक्य अडखळलं, दुसरं सुटलं. हिशेबवाले गृहस्थ घड्याळाकडे बघायचे थांबले. मेट्रन पुढे झुकून ऐकू लागली. बोलताना माणसाला स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागलं, की ते एक तर फार वाईट चाललेलं असतं किंवा फार छान. वकिलाचं फार छान चाललं होतं. ‘आपण’ म्हणताना तिचा हात आपोआप टेबलाच्या पलीकडच्या तिघांकडे जात होता, आणि ‘त्या’ म्हणताना मागे, खुर्च्यांकडे. हे काही घरी ठरवलेलं नव्हतं. हाताला आपोआपच कळलं होतं.

शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं. प्रशासक बाईंनी चष्मा काढला.

“तुम्ही आमचे डोळे उघडलेत,” त्या म्हणाल्या. “काळजी करू नका. या बायकांना आपण वाऱ्यावर सोडणार नाही.” आणि हिशेबवाल्यांकडे वळून, “खातं राहील. तसा ठराव करू.”

वकील हसऱ्या चेहऱ्याने मागे वळली.

आक्का तिच्याकडेच बघत होती. रागाने नव्हे. ओळखीचा चेहरा वाटतोय खरा, पण हाक मारावी की नको, असं रस्त्यात कुणाकडे बघतात तसं. कवळीच्या तोंडून त्या वेळी काहीच बाहेर पडलं नाही, आणि कवळी गप्प बसलेली वकिलाने आधी कधी पाहिली नव्हती.

जिन्यावरून खाली उतरताना वकील म्हणाली, “सुटलो गं बाई.”

“हो,” आक्का म्हणाली. “सुटलो.”

खात्याचं जड दार कवळीने उघडून धरलं. “आपण पुढे व्हा,” ती म्हणाली.

वकिलाला आधी वाटलं, नेहमीची थट्टा. ती हसून आत शिरली. मग मागे बघते तो कुणीच हसत नव्हतं, आणि तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ‘आपण’ हा मोठा लबाड शब्द आहे. कुणाला कुशीत ओढायचं तरी तोच, आणि कुणाला हातभर लांब ठेवायचं तरी तोच.

दुसऱ्या दिवसापासून तिला खात्यात मान मिळायला लागला. तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं जाई. चहाचा पहिला कप तिला. ‘ए वकील, हात चालव’ असं कुणी म्हणेना. ‘वकीलबाई, तुम्ही राहू द्या, आम्ही करतो,’ असं म्हणू लागल्या. सुनेने ‘तुम्ही’ म्हटलं की तिला अंगावर शाल पडल्यासारखं वाटायचं. इथल्या ‘तुम्ही’ने ती चारचौघींत उघडी पडत होती.

कवळीला दोन दिवसांनी वाचा फुटली. “मॅडम, ही चादर चार पदरी घालू की आठ पदरी? नाही, दुसरं काही येत नाही ना, म्हणून विचारून घेते.” सगळ्या खाली बघून हसल्या. मग ते खात्याचं पालुपदच झालं. साबण संपला तरी, “आता काय करायचं बाई, आपल्याला दुसरं काही येत नाही.” जेवणाचा डबा उघडताना, “आज भेंडीच. दुसरं काही येत नाही.” वकीलही एकदा हसायला गेली, पण तिचं हसू मध्येच राहिलं, कारण बाकीच्या थांबल्या होत्या.

घरी सुनेने विचारलं, “काय म्हणतात बायका? खूश असतील ना?” सासू म्हणाली, “असतील म्हणजे? डोक्यावर घेऊन नाचतात.” आणि उगीचच ओटा पुसायला लागली. पोरीने जीव ओतून शिकवलं होतं. तिने शिकवलेलं काहीच चुकीचं नव्हतं. आक्काच्या चिठ्ठीवर तर सुनेचा हात थांबलाही होता. ‘राहू दे की गं’ एवढं एकदाच म्हणून गप्प बसणारी आपणच. आणि तो शेवट तर संपूर्ण घरचा होता, त्यात सुनेचा एक शब्द नव्हता.

आठवडाअखेर तिने आक्काला कपाटांच्या मागे गाठलं. “आक्का, मी तसं मुद्दाम नाही गं बोलले. समोरच्याला पटावं म्हणून असं मांडायची पद्धत असते.”

आक्का खोळी मोजत होती. मोजणं पुरं करून तिने वर बघितलं. “तुम्ही खोटं कुठे बोललात? मला दुसरं काही येत नाहीच. मी कधी म्हटलं येतं म्हणून? फक्त मला इतकी वर्षं वाटायचं, मला हे येतं म्हणून इथे ठेवलंय. दुसरं येत नाही म्हणून ठेवलंय, हे त्या दिवशी कळलं.”

आणि तिने खोळींचा गठ्ठा उचलला. वकील तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, आक्काने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी निदान ‘तू’ धरून देतात.

मग सूचना लागली. समितीने धुलाईखात्यातील महिलांच्या हितासाठी स्वच्छतेचं प्राथमिक प्रशिक्षण ठेवलं आहे. वाचनाची अडचण लक्षात घेऊन ते चित्रांच्या साहाय्याने दिलं जाईल. सर्वांनी हजर राहावं. वकिलाने सूचना मोठ्याने वाचली, कारण नेहमी तीच वाचायची. ‘वाचनाची अडचण’ वाचताना तिचा आवाज बसला. खात्यात न वाचता येणारी एकही बाई नव्हती. तिने ‘शिकलेल्या नाहीत’ असं भाषणात म्हटलंही नव्हतं. पण ज्यांना दुसरं काही येत नाही त्यांना वाचायला तरी कुठून येणार, असं वर कुणीतरी धरून चाललं होतं. आणि ते त्यांनी काही हवेतून काढलं नव्हतं.

दुपारी ती प्रशासक बाईंच्या खोलीत गेली. बाई चांगल्या होत्या. अडचण तीच होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

“या, या,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी फार सुंदर बोललात. बसा.”

ती बसली नाही. “ते प्रशिक्षण थांबवता येईल का, विचारायला आले होते.”

“का? त्यांच्यासाठीच आहे ते. तुम्हीच म्हणालात—”

“माझं वाक्य चुकलं होतं.”

“कुठलं?”

“मी ‘त्या’ म्हणाले. तिथे ‘आम्ही’ हवं होतं.” एवढं सांगूनच ती घामाघूम झाली. “आणि काय येत नाही ते सांगितलं. काय येतं ते सांगायला हवं होतं. ते आधी लिहिलेलं होतं, मी काढून टाकलं.”

प्रशासक बाई हसल्या, वाईट हसल्या नाहीत. “अहो, एवढंच ना? त्या काय, आम्ही काय, अर्थ एकच.”

“एक नाही, बाई.”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ केला. “हे बघा. बाहेरची कंपनी स्वस्त पडत होती. तरी खातं ठेवलं, आणि ठरावात कारण म्हणून तुमचंच वाक्य घातलंय, की या बायका कुठे जातील. आता तुम्ही म्हणणार की त्या कसबी आहेत, त्यांना कुठेही काम मिळेल. मग हिशेबवाले म्हणतील, छान झालं, पुन्हा चर्चेला घेऊ. घेऊ का?”

यात धमकी नव्हती. बाई खरंच विचारत होत्या.

“विचारून सांगते,” वकील म्हणाली.

“कुणाला विचारून?”

“आमच्यात.”

तो शब्द तोंडातून आपसूक आला. जिना उतरताना तिला प्रश्न पडला की आता तसं काही शिल्लक आहे का, की तीही आपली सांगायची एक पद्धतच.

खात्यात यंत्रं बंद होऊन चहाची वेळ झाली होती. तिच्यासाठी पुसून ठेवलेल्या स्टुलाजवळ ती गेली, पण त्यावर बसली नाही. तिने सगळं सांगितलं, आणि इतकं वाईट सांगितलं की सुनेने कपाळाला हात लावला असता. शेवट आधी सांगितला, सुरुवात विसरली, मग परत मागे गेली. चिठ्ठ्या आपणच टाकल्या असंही सांगितलं. सुनेचं नाव घेतलं नाही. आणि शेवटी म्हणाली, “बोललेलं परत घेतलं तर खातं परत धोक्यात. नाही घेतलं तर चित्रांसमोर बसावं लागेल. आपण काय करायचं?”

“आपण म्हणजे कोण?” कवळीने विचारलं. “त्या तिघांतले तुम्ही, की इथल्या आम्ही?”

“इथल्या. सगळ्या.” वकिलाचा आवाज चिरकला. “मला धरून. म्हणजे, धरत असाल तर.”

कोपऱ्यातली एकजण म्हणाली, “जाऊन सांगाच. असली भीक नको मला.” दुसरी म्हणाली, “तुला नको असेल, माझ्या घरी दोन पोरं शिकताहेत.” पहिली म्हणाली, पोरं मलाही आहेत, ती काय हवा खातात? थोडा वेळ चांगलीच जुंपली. वकील मध्ये बोलली नाही. तिच्याजवळ दोन्ही बाजूंना लागू पडणारी वाक्यं होती, छान बांधलेली, आणि तिला त्या प्रत्येक वाक्याची लाज वाटत होती.

शेवटी सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. आक्काने चहाचा कप खाली ठेवला. “परत चर्चा नको,” ती म्हणाली. “माझं आता चर्चेला बसायचं वय नाही. खातं राहू दे. शिकवतात ते शिकू.”

“चित्रं दाखवतील आक्का,” वकील म्हणाली. “साबण म्हणजे काय, ते सांगतील. सगळ्यांसमोर बसायचं म्हणजे लाज वाटेल गं.”

“वाटेलच,” कवळी म्हणाली. “म्हणून काय एकटीनेच घेऊन बसायची? सगळ्या मिळून वाटून घेऊ. तशीही हिच्या एकटीच्याने ती उचलत नाहीये. बघताय ना तोंड, कसं झालंय ते.”

यावर दोघी-तिघी हसल्या. वकिलाने पदराने नाक पुसलं.

आक्का उठली, जाता जाता तिच्यापाशी थांबली. “विचारायला आलीस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “आधी आली असतीस तर जास्त बरं झालं असतं.”

एवढंच, आणि ती कामाला लागली. माफी मिळाली असं वकिलाला वाटलं नाही, आणि ती मिळालीही नव्हती. पण ‘आलीस’मधला तो ‘स’ तिने दिवसभर मनात धरून ठेवला.

प्रशिक्षणाला एक तरुण मनुष्य आला. नम्र होता, शर्टाला कडक इस्त्री होती, आणि बरोबर चित्रांची गुंडाळी. त्याने बोलण्याची नीट तयारी केलेली दिसत होती. ऐकणारं कोण आहे, हे त्यानेही आधी विचारून घेतलं असणार, आणि त्याला उत्तर मिळालं असणार. म्हणून तो अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून कळलं का ते बघत होता. त्याच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. वकिलाला तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने कुठे थांबायचं ठरवलंय, कुठे हसायचं ठरवलंय, ते तिला आधीच कळत होतं. त्याची तयारी जिथून सुरू झाली ते वाक्य तिचंच होतं, आणि हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं.

त्याने पहिलं चित्र उलगडलं. नळ, नळाखाली दोन हात.

“आपण घाबरायचं नाही,” तो गोड आवाजात म्हणाला. “चुकलं तरी चालेल. आता मला सांगा बरं, हे काय आहे?”

पहिल्या रांगेत आक्का ताठ बसली होती. साबणाने आणि गरम पाण्याने सुरकुतलेले तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. त्या हातांकडे बघून वकिलाला वाटलं, आता उठावं आणि सांगावं. काय सांगायचं तेही मनात तयार झालं, सुरुवात, मध्य, शेवट सगळं. तिने शेजारी बघितलं. कवळीने तिच्याकडे न बघताच, ओठ न हलवता पुटपुटून सांगितलं, “बस गप. आपलं ठरलंय.”

“सांगा, सांगा,” तरुण म्हणाला.

“हात,” आक्का म्हणाली.

“शाब्बास. सगळ्यांनी मिळून?”

“हात,” सगळ्या म्हणाल्या. वकीलही म्हणाली. तिचा आवाज इतरांपेक्षा अर्धा क्षण मागे पडला, आणि तो एकटाच सगळ्यांना ऐकू गेला. तरुणाने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढचं चित्र उलगडलं.